तुपावरची बोट

अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावात मराठी घरांतले पुरुष रिटायर झाले की भाजी लावतात, यूट्यूबवर पोटाच्या विकारांचे व्हिडिओ बघतात, नाहीतर सुनेला डिशवॉशर कसा भरावा ते शिकवतात. शशिकांतकाकांनी जहाज बांधायला घेतलं.

आता जहाज म्हणजे तशी वीस फुटी लाकडी बोट. पण तिला बोट म्हटलं की काकांचा चेहरा पडायचा. म्हणून त्यांची बायको, सुवर्णाकाकू, तिला मुद्दाम होडी म्हणायच्या.

हे खूळ लागलं एका म्युझियममध्ये. तिथे भिंतीवर एक जुना फोटो होता. राणी व्हिक्टोरियाच्या अखेरच्या वर्षांतला, इंग्लंडातला. एक अजस्र जहाज उतारावरून घसरत नदीत चाललंय, काठावर ही गर्दी, पुरुष टोप्या उडवतायत, झगेवाल्या बायका छत्र्या सांभाळतायत. काका त्या फोटोसमोर इतका वेळ खिळले, की गार्डने येऊन विचारलं, ‘सर, आर यू ओके?’ गाडीत बसल्यावर काका म्हणाले, “अगं, तीस वर्षं सॉफ्टवेअर लाँच केलं मी. आणि आमचं लाँच म्हणजे काय, तर एक ईमेल. त्याखाली चार जणांचे अंगठे. कुणी टोपी उडवली नाही की काही आवाज झाला नाही.”

काकूंना दया आली बिचाऱ्याची. तिथेच चुकलं त्यांचं.

“एकच जहाज,” काकांनी तेव्हा वचन दिलं होतं. “ते लोक बांधायचे तस्सं. ते पाण्यात गेलं, की दुसऱ्या दिवशी आपली पुण्याची तिकिटं.” कर्वेनगरातला फ्लॅट कुलूप लावून वाट बघत होता. काकूंची धाकटी बहीण रेणू अधूनमधून जाऊन नळ सोडून यायची आणि फोनवर विचारायची, “ताई, येताय ना गं?” काकू म्हणायच्या, “होडी झाली की.” हे ऐकून ऐकून रेणूने विचारणंच सोडलं.

कारण होडी होईचना! प्रत्येक गोष्ट जुन्या पद्धतीने. खिळे तांब्याचे, तेही हाताने ठोकायचे. फळ्या वाफवून वाकवायच्या, म्हणून एक लांबलचक पेटी केली. तिला वाफ पुरवायला काकूंचा मोठा कुकर गेला तो गेलाच. दरम्यान लेकीला, स्वानंदीला, मुलगी झाली. आन्या. स्वानंदीचं घर दोन गल्ल्या सोडून. काका आन्याला शाळेतून आणायला लागले, दर शनिवारी ती आजीकडे थालीपीठ खायला यायला लागली, आणि पुण्याचं नाव काढलं रे काढलं की काकांना हटकून एखादी फळी तासायची आठवायला लागली. काकू काही दुधखुळ्या नव्हत्या. या माणसाला जायचंच नाहीये, हे त्यांना कळत होतं. फक्त तो तसं बोलत नव्हता.

मग गेल्या जानेवारीत बंदराचं निघालं.

जहाजाच्या पाठीवर, म्हणजे मागच्या फळीवर, त्याचं नाव लिहितात, आणि नावाखाली त्याचं बंदर. म्हणजे हे जहाज कुठलं, फिरून फिरून शेवटी परत कुठे जायचं, ते. नावाचा प्रश्न नव्हता. ‘सुवर्णा’ हे नाव ठरलेलं होतं, त्याचे टी-शर्टसुद्धा छापून झाले होते.

“आणि खाली बंदर काय लिहिणार?” काकूंनी विचारलं.

“जिथलं आहे ते.”

“कुठलं आहे?”

काका चहा प्यायला लागले. कप रिकामा होता, तरी प्यायला लागले.

“हे बघा,” काकू म्हणाल्या, “बॉथेल लिहिलंत ना, तर मी एकटी जाईन पुण्याला. खरंच जाईन. मग बसा होडीत आणि करा स्वतःच्या हाताने आमटी.”

दुसऱ्या दिवशी बोटीच्या पाठीवर जुना पडदा खिळ्यांनी ठोकलेला. “जहाज पाण्यात जाईपर्यंत हे उघडायचं नसतं,” काका म्हणाले. “प्रथा आहे.”

कसली प्रथा न् कसलं काय! बॉथेल लिहिलंय, आणि सांगायची हिंमत नाही. काकूंनी पडद्याची कड उचकटून बघितली, पण या मनुष्याने खिळ्याला खिळा लावून ठोकलेला. सहा महिने काकूंनी विचारलं, रागावल्या, एकदा आन्याला फितवून पाठवलं. आन्या परत येऊन म्हणाली, “आजोबा सेड इट्स अ सीक्रेट,” आणि तोंडाला चॉकलेट. काकांनी ताकास तूर लागू दिली नाही. आता एकच उपाय उरला. ही होडी पाण्यात घालायची. मग पडदा निघणार, आणि आपण जोडीने परत जायचं की एकटीने, याचा काय तो निकाल लागणार. तेव्हापासून जहाजाच्या मागे काकांपेक्षा काकूच हात धुऊन लागल्या.

जुलैतला एक रविवार ठरला. काकूंनी पुण्याच्या गुरुजींना व्हॉट्सअ‍ॅप केलं. गुरुजींकडे जहाजाचा मुहूर्त नव्हता. त्यांनी वाहनखरेदीचा पाठवला आणि खाली लिहिलं, ‘चालतो.’ जागा मिळाली मिसेस हॅन्सन यांची. ऐंशीच्या घरातली ही शेजारीण एकटी राहायची, आणि तिचं मागचं अंगण थेट उतरत उतरत नदीला टेकलेलं होतं. तिथे काकांनी लाकडी ओंडक्यांचा घसरता मार्ग बांधला. वर बोट, खाली नदी. नदी अरुंद, म्हणून बोट पलीकडच्या काठावर आदळू नये याचीही सोय हवी. जुन्या काळी जहाजाला साखळदंडांचे ढीग बांधायचे, ते मागून फरफटत यायचे आणि वेग मारायचे. साखळदंड आता कुठून आणणार? काकांनी बोटीला एक लांब दोर लावून त्याला ट्रेडमिल बांधली. ती तशीही साड्या वाळत घालायच्याच कामी येत होती.

राहिलं काय, तर वंगण. त्या काळी घसरत्या मार्गाला चरबी फासायचे.

“कसली चरबी?” काकूंनी विचारलं.

“बैलाची वगैरे.”

“माझ्या नावाच्या होडीखाली? अहो, लाज नाही वाटत? वर नारळ फोडणार आणि खाली चरबी?”

“मग काय फासू? साबण लावून बघितला, वाहून गेला.”

“तूप फासा,” काकू म्हणाल्या. त्या रागाने म्हणाल्या होत्या. पण काकांनी डोळे मिटून विचार केला, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की काकूंना आपली जीभ चावावीशी वाटली.

महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी प्रल्हाद, मूळचा नागपूरचा. कुठल्याही कार्यक्रमाचा पॉटलक करून टाकायची त्याला सवय. त्याने ग्रुपवर टाकलं, की घरटी एक बरणी साजूक तूप आणावे, घरी कढवलेलेच, दुकानचे चालणार नाही. झालं! साऱ्या बॉथेलात लोणी कढायला लागलं. दोन घरांतले स्मोक अलार्म वाजले. कुणी विड्याचं पान घालून कढवलं, कुणाचं करपलं, एकीने बरणीला ‘ए-टू’, म्हणजे देशी गाईचं, असं लेबल लावलं आणि आपलं तूप बोटीच्या पुढच्या भागालाच लावावं असा आग्रह धरला. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे घडेच्या घडे तूप गेलं.

रविवारी सकाळी अंगणात सगळं मंडळ हजर. काका भाड्याच्या काळ्या कोटात आणि उंच काळ्या टोपीत. काकू नऊवारीत, नथ घालून. प्रल्हादने फेटा बांधलेला आणि हातात माइक. मिसेस हॅन्सन छत्री घेऊन खुर्चीत, तिचा लॅब्रेडॉर पायाशी. तूप फासून झालं होतं. आभाळ मात्र गच्च. इथे जुलैतसुद्धा सकाळी स्वेटर लागतो.

मुहूर्ताला काकूंनी बोटीच्या नाकावर नारळ फोडला. पहिल्या फटक्यात फुटला. मंडळी टाळ्या वाजवायला लागली. काकांनी हातोड्याने शेवटचा आधार उडवला, बोट वर धरून ठेवणारा दोर कापला, टोपी काढली आणि उडवायला हात वर केला.

बोट हलली नाही.

काकांचा हात वरच. “आता जाईल,” ते म्हणाले. सगळ्यांनी श्वास रोखला. लॅब्रेडॉरने जांभई दिली.

प्रल्हादने वाकून बोटीखाली बोट घातलं आणि वर करून दाखवलं. “काका, तूप थिजलं ना जी! दगड झाला याचा!”

मग जे सुरू झालं ते विचारू नका. माणसांनी ढकललं, बोट ढिम्म. बायका घरी जाऊन हेअर ड्रायर घेऊन आल्या आणि नऊवारी सावरत बोटीखाली ओळीने उकिडव्या बसल्या. मिसेस हॅन्सनच्या घराचा फ्यूज उडाला. कुत्र्याने एका बाजूने तूप चाटायला सुरुवात केली. त्याला ओढून नेलं तर कावळे आले. कुणीतरी शहाणपणा काढलाच, “तूप खाल्लं की लगेच रूप येत नाही, काकू, थोडा धीर धरा.” काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पार्किंगमध्येच गेला.

दुपारी जेवण निघालं. पुरणपोळी. आणि तेव्हा लक्षात आलं, की वाढायला घरात कुणाच्याच तूप नाही, सगळं बोटीखाली. तूप नसलेली पुरणपोळी! इतकी वर्षं अमेरिकेत काढली, पण ही वेळ आली नव्हती. मंडळी ताटं धरून एकमेकांची तोंडं बघत उभी राहिली. मग एक जण हळूच चमचा घेऊन बोटीकडे गेला. “वरचं वरचं घेतो,” तो म्हणाला, “लाकडाला लागलेलं नाही.” बघता बघता त्याच्यामागे रांग लागली, आणि ‘ए-टू’वालीने आपलं तूप कुठे लावलंय ते सगळ्यांना दाखवायला सुरुवात केली.

काका एका बाजूला खुर्चीवर बसले होते, टोपी मांडीवर. काकूंना वाटलं, बिचारा खचला. त्या पाणी घेऊन जवळ गेल्या. तर काका वर बघून म्हणाले, “जाऊ दे गं. पुढच्या वर्षी करू. मार्ग जरा जास्त उतरता करीन.”

आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं? सुटका होती! शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोरासारखा चेहरा. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“पुढच्या वर्षी?” त्या म्हणाल्या. “माझी बहीण नळ सोडून सोडून म्हातारी झाली, आणि तुम्ही पुढच्या वर्षी म्हणता? तुम्हाला ही होडी पाण्यात जायलाच नकोय!”

प्रल्हाद तोंडात घास तसाच धरून उभा राहिला.

“अगं, हळू बोल. असं नाही...”

“मग कसं? उघडा तो पडदा. आत्ता.”

“पाण्यात गेल्याशिवाय नाही उघडता येत,” काका पुटपुटले.

“ठीक आहे!” काकूंनी पदर खोचला, शिडी लावली आणि नऊवारीसकट बोटीत चढून मधल्या फळीवर ठाण मांडलं. “ही होडी पाण्यात जाईपर्यंत मी इथून उतरणार नाही. पुढच्या वर्षीपर्यंत बसेन. थालीपीठसुद्धा इथेच थापीन!”

स्वानंदीने समजावलं. “आई, प्लीज यार, लोक बघतायत.” लोक खरंच बघत होते, काही जण व्हिडिओ काढत होते. मिसेस हॅन्सनने विचारलं, हाही समारंभाचाच भाग आहे का? प्रल्हाद म्हणाला, “येस, येस, व्हेरी ट्रॅडिशनल.”

काकू बसून राहिल्या. ताठ, नथ सावरत. मनात म्हणाल्या, जन्मभर याच्या मागे आले. पुण्याहून न्यू जर्सी, न्यू जर्सीहून इथे. एकदा, फक्त एकदा मला याने माझ्या मागे यायला हवंय. एवढं जास्त मागितलं का मी? डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी नदीकडे तोंड फिरवलं.

आणि ऊन पडलं.

बॉथेलचं ऊन तसं लाजाळू, पण आलं की चांगलं चटका देणारं. ढग सरकले, अंगण लख्ख झालं, आणि थोड्या वेळाने सगळीकडे गरम तुपाचा असा काही घमघमाट सुटला, की पुरणपोळी संपवलेल्यांनाही परत भूक लागली. बोटीखालून सोनेरी ओघळ निघाले. काकूंना बुडाखाली काहीतरी कुरकुरल्यासारखं वाटलं. त्यांनी फळी घट्ट धरली.

“अहो,” त्या म्हणाल्या. “अहो, ऐकलंत का?”

काका उभे राहिले. बोट एक वीतभर सरकली. मग हातभर. मग “अगं बाई गं!” अशी काकूंची एक आरोळी ऐकू आली आणि ‘सुवर्णा’ पाठीकडून नदीकडे सुटली. ओंडके कडाकडा वाजले, तूप दोन्ही बाजूंनी उडालं, हेअर ड्रायरवाल्या बायका किंचाळत बाजूला पळाल्या, आणि धप्पकन पाण्याची एक भिंत उठली. मागोमाग अंगण उकरत ट्रेडमिल फरफटत निघाली, मिसेस हॅन्सनचे गुलाब घेऊन काठावर येऊन रुतली, आणि दोर ताणला गेला. बोट नदीच्या मधोमध थांबली. तरंगत. सरळ.

पुरुषांनी टोप्या उडवल्या. बेसबॉलच्या टोप्या होत्या, पण उडवल्या. नदीकाठ दणाणून गेला. मिसेस हॅन्सनने गुलाबांचं दुःख विसरून छत्री हवेत नाचवली. हेच तर हवं होतं काकांना इतकी वर्षं. पण काकांनी काही ते बघितलं नाही. ते टोपी डोक्यावर दाबून काठाकडे धावत सुटले होते.

“सुवर्णा! बरी आहेस ना?”

“भिजले!” काकू ओरडल्या. नथ एका कानाशी गेली होती. “पण आहे!”

पाण्याच्या दणक्याने पडदा फाटून गेला होता. प्रवाहाने बोट सावकाश वळली, आणि तिची पाठ काठाकडे आली. सगळे बोटीच्या पाठीकडे बघत होते, आणि बोटीत बसलेल्या काकूंना काही ते दिसेना. त्यांनी कडेवरून वाकून बघितलं, तर बोटच कलंडायला लागली.

“काय लिहिलंय?” त्या ओरडल्या. “अरे, कुणीतरी वाचा की! बॉथेलच ना?”

आन्या पहिलीत होती. दिसेल ते मोठ्याने वाचायची तिला नवी नवी हौस. “सु-व-र्णा,” ती ओरडली. “अँड देन... पी, यू, एन, ई. पुणे! आजी, इट सेज पुणे!”

“इज दॅट ऑन द कोस्ट?” मिसेस हॅन्सनने विचारलं.

“नाही हो,” प्रल्हाद म्हणाला. त्याला इतकं भरून आलं होतं, की इंग्रजी सुचेना. “समुद्राचा थेंब नाही तिथे.”

काका कोटासकट पाण्यात उतरले होते, गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत.

“जानेवारीतच लिहिलं होतं,” ते ओरडून म्हणाले. “तू म्हणालीस त्याच रात्री.”

“मग सांगितलं का नाही मेल्या माणसा?” सबंध संसारात काकू पहिल्यांदाच असं बोलल्या.

“सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी तिकिटं काढली असतीस!” काका कमरेपर्यंत पाण्यात होते. “जाऊ आपण. खरंच जाऊ. फक्त माझी जरा तयारी होत नव्हती गं.”

काकूंच्या छातीतलं काहीतरी इतक्या वर्षांनी सैल झालं. त्यांना हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदमच आलं. जाणार! कर्वेनगरचं कुलूप निघणार, रेणूला नळ सोडायला जायला नको. जिंकलो आपण, त्यांना वाटलं. त्यांनी काठाकडे हात हलवला.

आन्याने तो हात पाहिला. बोटीवर पुणे लिहिलंय, बोटीत आजी बसलीये, आणि आजी हात हलवतेय. तिच्या दृष्टीने सगळं स्पष्ट होतं. ती काठाच्या टोकाशी आली आणि तुपाने माखलेला हात उंच करून हलवायला लागली. रडली नाही की काही नाही. शाळेची बस सुटताना हलवायची, तसा.

“बाय, आजी!” ती ओरडली. “से हाय टू रेणूआजी! बट कम बॅक बाय सॅटर्डे, ओके? थालीपीठ डे आहे!”

काकूंचा हात हवेतच राहिला. त्यांनी दुसऱ्या हाताने फळी पुन्हा घट्ट धरली. त्या एवढ्याशा हाताकडे त्यांना बघवेना आणि नजरही काढवेना. इतक्या वर्षांत त्यांनी पुण्याला पोचल्यावरचं सगळं मनात मांडून ठेवलं होतं. हे निघतानाचं कधी मांडलंच नव्हतं.

“अगं ए सोने!” काकू बोटीत ताडकन उभ्या राहून कळवळून ओरडल्या. “हात नको हलवूस! मी कुठ्ठे जात नाहीये!”

काका छातीभर पाण्यात जागच्या जागी थांबले. टोपीवरून पाणी गळत होतं.

“काय म्हणालीस?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला नाही म्हटलं!”